गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा: मायलेज किती वाढेल आणि इंजिन तापू न देता तो कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल हॅचबॅक आहे. महिन्यातून दोनदा समृद्धीवरून नागपूर ते छत्रपती संभाजीनगर जाणं-येणं होतं, वेग शंभर ते एकशेवीसच्या दरम्यान. गाडीचं पोट खालून सपाट करून घेतलं तर मायलेज किती वाढेल? पत्रा ॲल्युमिनियमचा घ्यावा की प्लॅस्टिकचा? आणि गॅरेजवाले म्हणतात की खालून बंद केलं की इंजिन तापतं, त्यात तथ्य आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. गॅरेजवाल्यांचं म्हणणं उडवून लावू नका. पुढच्या जाळीतून शिरलेली हवा रेडिएटर ओलांडून इंजिनाच्या खोलीत येते आणि बहुतेक गाड्यांत खालूनच बाहेर पडते. तुम्ही पत्रा मारणार नेमका तिथेच. त्या हवेला नवी वाट ठेवली तर गाडी पूर्वीसारखीच थंड राहते, वाट बुजवली तर एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात एसी लावून चढ चढताना कूलंटचा काटा वर सरकणारच. तेव्हा पोट किती झाकता येईल यापेक्षा आत आलेली हवा कुठून बाहेर काढायची हे आधी ठरवा. पॅनेलचा आकार त्यावरून ठरतो.

आता आकडे. साधारण हॅचबॅक धरू: समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३३, माणसांसकट वजन १,२०० किलो. टायर लोळताना होणारा विरोध सुमारे १३० न्यूटन येतो आणि वेगाबरोबर तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमीला तो जेमतेम ५० न्यूटन, ६० ला ११०, १०० ला ३०७ आणि १२० ला ४४३ न्यूटन. म्हणजे शहरात इंजिनाची ताकद मुख्यतः टायर, ब्रेक आणि पुन्हा पुन्हा वेग घेण्यात जाते, तर समृद्धीवर पाऊण हिस्सा नुसती हवा कापण्यात जातो. म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीला हे काम करू नका असंच सांगेन. तुमचा प्रवास मात्र या कामासाठी अगदी योग्य आहे.

घरच्या घरी, पण नीट केलेल्या कामातून गुणांक ०.०१ ते ०.०२५ इतका उतरतो. मधला ०.०२ धरला तर हवेचा विरोध ६ टक्के कमी होतो. ११० च्या वेगाला टायर धरून एकूण विरोधात ही घट साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. तेवढीच पेट्रोलची बचत मात्र होत नाही, कारण इंजिनाचं आतलं घर्षण आणि हवा ओढण्यातला तोटा तसाच राहतो. हातात पडतात साधारण तीन टक्के. लिटरला १७ किलोमीटर देणारी गाडी साडेसतरा देईल. तुमच्या महिन्याच्या दोन फेऱ्यांचे अठराशेच्या आसपास किलोमीटर धरले तर बचत झाली महिन्याला तीन लिटर. कोणी दहा-पंधरा टक्के सांगत असेल तर त्याने मोजलेलं नाही.

शेजारी हेही ठेवून बघा: १२० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध ३० टक्के घटतो. रिकामा रूफ कॅरिअर काढून ठेवणं आणि टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे राखणं ही कामं फुकटची आहेत, ती आधी करा. त्यानंतरही करण्यासारखं काही उरत असेल तर ते हे पोटाखालचं काम.

किती फायदा होईल हे गाडीवरही अवलंबून आहे. रॅम्पवर चढवून आधी पोट बघून घ्या. काही मॉडेलना कंपनीकडूनच इंजिनाखाली पूर्ण ट्रे आणि दोन्ही बाजूंना लांब प्लॅस्टिकचे पट्टे येतात. तिथे फार थोडं उरलेलं असतं. काहींना फक्त बंपरमागे हातभर झाकण असतं आणि त्यामागे सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं पेलणारी खालची चौकट), ऑइलचा चेंबर, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) सगळं उघडं. तिथे फायदा वरच्या टोकाला जातो. इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्नच वेगळा. बॅटरीच्या पेटीमुळे तिचं पोट मुळात सपाट असतं, आणि त्या पेटीला काहीही लटकवायचं नाही.

आता कुठे झाकायचं. बहुतेक लोक सुरुवात मधल्या भागापासून करतात, कारण तिथे माप घेणं सोपं असतं आणि फोटोत ते छान दिसतं. पण गाडीची मधली फरशी आधीच बऱ्यापैकी सपाट असते. तिथली हवा तोवर पुढच्या भागात आपटून, घुसळून आलेली असते. तिला खाली गुळगुळीत पत्रा मिळाला काय आणि न मिळाला काय, फरक थोडाच. कामाच्या जागा चार आहेत. त्यांचा क्रम असा लावा: आधी बंपरच्या ओठापासून सबफ्रेमपर्यंतचा भाग, मग टायरसमोरच्या पट्ट्या, मग मागच्या ॲक्सलपासून मागच्या बंपरपर्यंत, आणि शेवटी मधला भाग.

पुढच्या पॅनेलचं यश त्याच्या पुढच्या काठावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबतो. ताशी १०० किमीला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४४० पास्कल असतो, म्हणजे दर चौरस मीटरला ४५ किलोचं वजन. १२० ला तो ६५ किलो होतो. पॅनेलचा पुढचा काठ दोन बोटं जरी खाली लोंबला, तरी हवा त्यात पिशवीत भरावी तशी भरते आणि हा सगळा भार पुढच्या बोल्टांवर येतो. शिवाय गाडीखाली हवेचा दाब कमी असल्यामुळे पॅनेल सतत खाली ओढलं जातं. एका बोल्टाचं भोक फाटलं की शेजारच्यावर जास्तीचा ताण, मग तोही जातो, आणि पॅनेल मागे दुमडून रस्त्याला घासू लागतं किंवा चाकाखाली येतं. म्हणून काठ बंपरच्या खालच्या पट्टीच्या वरच्या अंगाला, आत सरकवून बसवायचा. खालून हात फिरवला तर बोटाला पत्र्याची धार लागता कामा नये, बंपरची गोलाई लागली पाहिजे. या काठावर दर १५० मिमीला एक एम६ बोल्ट, खाली २५ ते ३० मिमी व्यासाचा रुंद वॉशर आणि वर नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारा). नुसत्या प्लॅस्टिकच्या क्लिपांवर पुढचा काठ कधीही सोडू नका. निदान दोन टोकं आणि मध्य लोखंडात, म्हणजे रेडिएटरखालच्या आडव्या पट्टीत, पकडलेले हवेत.

मागच्या बाजूला हे पॅनेल सबफ्रेमच्या जरा मागे संपवा आणि तिथून सायलेन्सरच्या पाइपाच्या बोगद्याचं (फरशीच्या मधोमध पाइपासाठी असलेल्या लांब खोबणीचं) तोंड मोकळं ठेवा. रेडिएटरची गरम हवा इथून निघून बोगद्यातून मागे जाते. मोकळी जागा किती ठेवायची, तर जाळीतली खरोखर उघडी जागा मोजा (पुष्कळ गाड्यांत जाळीचा बराच भाग नुसता शोभेचा, आतून बंद असतो) आणि तिच्या निदान दीडपट ठेवा, कारण हवा गरम होऊन फुगलेली असते. या फटीच्या पुढच्या काठाला पत्रा १० मिमी खाली वाकवला तर त्याच्या मागे दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. एवढ्याशा वाकामुळे विरोध किंचित वाढतो, पण इंजिनाची काळजी मिटते. विदर्भातल्या गाडीला तो वाक मी ठेवायलाच सांगेन.

टायरसमोरच्या पट्ट्या हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. फिरतं चाक हवेत उघडं असलं की त्याच्या समोर दाब साचतो आणि मडगार्डच्या पोकळीत हवा कोंबली जाते. टायरच्या पुढे ४० ते ५० मिमी उंचीची आडवी पट्टी लावली की हवा टायरच्या दोन्ही अंगांनी वळते. पट्टी टायरच्या रुंदीपेक्षा थोडी कमीच ठेवा. ती कडक पत्र्याची नको, ५-६ मिमी जाडीच्या रबराची हवी, म्हणजे गतिरोधकाला लागली तर वाकेल आणि परत सरळ होईल. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर घासत नाही हे जागेवर बघा, मगच भोकं पाडा. ५० मिमीपेक्षा खोल पट्टीचा मोह नको. तिने स्वतःचाच विरोध वाढतो आणि ब्रेकच्या डिस्कला मिळणारी हवा कमी होते.

मागच्या भागाकडे वळू. स्टेपनीचा खड्डा, सायलेन्सरचा डबा आणि त्यामागे आतून पोकळ असलेला बंपर. हा बंपर चालत्या गाडीत पॅराशूटसारखा हवा धरतो. मागच्या ॲक्सलच्या मागून बंपरच्या खालच्या काठापर्यंत हळूहळू वर चढत जाणारं पॅनेल दिलं की हवा सरळ बाहेर निघते. चढ ५ ते ७ अंशांचा ठेवा. पॅनेल ६०० मिमी लांब असेल तर मागचं टोक पुढच्यापेक्षा ५० ते ७५ मिमी वर. १० अंशांच्या पुढे गेलात तर साध्या गाडीत हवा पत्र्याला धरून राहत नाही, सुटते, आणि मिळवलेलं सगळं घालवते. वळणाची सुरुवात कोनात मोडू नका, गोलाईने वाकवा.

बाजारात मिळणाऱ्या उभ्या पात्यांच्या काळ्या डिफ्यूझरबद्दलही (मागच्या बंपरखाली लावायचा भाग) विचारणा होतेच. फॉर्म्युला वनमध्ये लोटस ७८ ने १९७७ साली पोटाखालच्या हवेने गाडी रस्त्याला दाबून धरायचं तंत्र आणलं, ते बाजूच्या स्कर्टांनी (रस्त्यापर्यंत पोचणाऱ्या पट्ट्यांनी) पोटाखालची जागा जवळजवळ बंद करून. रस्त्यापासून १६०-१७० मिमी उंच हॅचबॅकच्या बंपरला चिकटवलेली पाती त्यातलं काहीही करत नाहीत. पैसे त्यात घालू नका, वर सांगितलेल्या चढत्या पॅनेलात घाला.

मधल्या भागात दोनच लांब पट्टे: बोगद्याच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. बोगदा उघडाच राहील. पेट्रोलची टाकी बहुतेक वेळा गुळगुळीत प्लॅस्टिकची असते, ती झाकायची गरज नाही. मागचा ॲक्सल वर-खाली होतो, त्याच्याभोवती खड्ड्यात दबेल तेवढी, ८० ते १०० मिमी जागा सोडा. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची लाइन, हँडब्रेकची केबल यांच्या क्लॅम्पांना पॅनेलचा भार देऊ नका. तिथे तयार भोक दिसतं आणि हात तिकडेच जातो, पण हवेने फडफडणारं पॅनेल महिनोन्महिने नळीला हलवत राहिलं तर एक दिवस ती नळी तुटणार.

दोन पॅनेलांचा जोड कसा असावा हे कौलारू छपरावरून लक्षात ठेवा. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून ओघळ आत शिरत नाही. इथे ओघ हवेचा आणि पुढून मागे. म्हणून पुढच्या पॅनेलचा मागचा काठ रस्त्याच्या बाजूला आणि मागच्या पॅनेलचा पुढचा काठ त्याच्या आड, वरच्या अंगाला, २५ ते ३० मिमी सरकवलेला. उलटं बसवलं तर प्रत्येक जोड हवा धरतो.

ॲल्युमिनियम की प्लॅस्टिक, याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. १ मिमी ॲल्युमिनियमचं वजन चौरस मीटरला २.७ किलो, ३ मिमी एचडीपीईचं (हाय डेन्सिटी पॉलिथिन, चिवट प्लॅस्टिक) २.८५. वजनात फरक नाहीच म्हणा. आठ बाय चार फुटी शीट दोन्हींत आठ-साडेआठ किलो भरते आणि एका हॅचबॅकला साधारण एक शीट पुरते. पुढच्या पॅनेलसाठी आणि मधल्या पट्ट्यांसाठी माझी पसंती एचडीपीईला. दगड लागला तर पोचा पडत नाही, गतिरोधकावर घासलं तर वाकून परत येतं, खडखडत नाही. पण एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी, ८० अंशांच्या पुढेच, मऊ पडून लोंबायला लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धूर साफ करणाऱ्या डब्याचा) पत्रा भरधाव चालून आल्यावर ४०० अंशांच्या पुढे असतो. म्हणून सायलेन्सरच्या पाइपाजवळ आणि डब्याखाली फक्त ॲल्युमिनियम, तेही ४० ते ५० मिमी अंतर सोडून आणि मध्ये हवा खेळायला फटी ठेवून. कन्व्हर्टरखाली काहीच नको. कंपनीने दिलेली हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढायची नाही, तिला भोकही पाडायचं नाही. बीएस६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करताना एक्झॉस्टचं तापमान ५५०-६५० अंशांवर जातं, तिथे हा नियम दुप्पट कडक समजा.

साइनबोर्डवाल्यांकडे मिळणारी पोकळ प्लॅस्टिकची सनपॅक शीट स्वस्त आणि हलकी असते. आकार पक्का करायला आणि चार आठवडे प्रयोग करून बघायला उत्तम. कायमची ठेवू नका. तिच्या नळ्यांत चिखल-पाणी भरतं आणि काठ फाटत जातो. एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट तर इंजिनाच्या आसपास नकोच, कारण वरून ॲल्युमिनियम दिसलं तरी स्वस्त शीटच्या आतला थर पॉलिथिनचा, जळणारा असतो.

भोकं पाडताना सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. एचडीपीई उष्णतेने फार वाढतं: एक मीटर लांबीला दर अंशामागे सुमारे ०.१५ मिमी. डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवरच्या दुपारपर्यंत ५० अंशांचा फरक धरला तर मीटरभर पॅनेल सात-आठ मिमी लांब होतं. सगळे बोल्ट गोल भोकांत आवळून बसवले तर ते मधोमध फुगून खाली येतं आणि रस्त्याला लागतं. म्हणून पुढच्या काठाची भोकं गोल आणि घट्ट, बाकी सगळी लांबट, गाडीच्या लांबीच्या दिशेने १५ मिमीची, रुंद वॉशरखाली पॅनेल सरकू शकेल इतपतच आवळलेली. ॲल्युमिनियम तेवढ्याच फरकाला एक मिमीच्या जरा वर वाढतं, त्याला भोकं किंचित मोठी असली तरी पुरे. ॲल्युमिनियम थेट लोखंडाला टेकवू नका, मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला. नाहीतर पावसाळ्यात त्या जोडाशी पांढरी बुकटी धरते आणि पत्रा आतून खाऊन जातो. कोकणपट्टीत हे एका पावसाळ्यात दिसतं.

शक्यतो कंपनीने ठेवलेली भोकं आणि आटे वापरा. नवीन आधार लागलाच तर पातळ पत्र्यात रिव्ह-नट (भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट) चालेल, पण चॅसिसच्या मुख्य लांब पेटीत, सबफ्रेममध्ये किंवा सीटबेल्टच्या आधाराजवळ ड्रिल लावायचं नाही. वेल्डिंग तर कुठेच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. काम बोल्टवर निघणारं, गाडीच्या सांगाड्याला हात न लावणारं ठेवा, आणि वॉरंटी किंवा विमा चालू असेल तर आधी लेखी विचारून घ्या.

मापं घ्यायची ती जुन्या फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. गाडी नुसत्या जॅकवर घेऊन खाली शिरू नका. रॅम्प किंवा चारही बाजूंना स्टँड हवेत, आणि इंजिन थंड. पुठ्ठा पोटाला लावून बोल्टांच्या जागी खुणा करा, कापा, पुन्हा लावा. जॅक लावायच्या चारही जागा, टो-हुक, ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर यांच्यासाठी उघडझाप पुठ्ठ्यावरच ठरवा. ड्रेन बोल्टखाली १५० मिमीचं झाकण चार स्क्रूंवर ठेवलं नाही तर सर्व्हिसला गेलेली गाडी पॅनेलशिवाय परत येईल, कारण तिथल्या मुलाला वीस बोल्ट खोलायला वेळ नसतो. पॅनेलची पातळी एका नियमाने ठरवा: गाडीचा आज सगळ्यात खाली असलेला भाग पॅनेल लागल्यावरही सगळ्यात खाली राहिला पाहिजे. प्रमाणित गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, पण गावाच्या वेशीवरचे गतिरोधक त्या मापाने बांधलेले नसतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता पाणी. रस्त्यावर साठलेल्या पाण्यात ताशी २० किमीने गाडी घातली तर पॅनेलच्या काठावर येणारा दाब १५,००० पास्कलच्या वर जातो. १०० किमीच्या हवेपेक्षा चौतीसपट. पुढचं पॅनेल तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, वेग नव्हे. गुडघाभर सोडा, वीतभर पाणी असेल तरी चालण्याच्या वेगाने काढा. दर पॅनेलच्या सगळ्यात खोलगट जागी १० ते १२ मिमीची दोन-तीन भोकं ठेवा, म्हणजे पाणी साठणार नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी माती ओली असताना पॅनेलच्या वरच्या अंगाला थापून बसते आणि वाळली की दगड होते. दोन-चार किलोचं वजन नकळत वाढतं आणि बोल्ट ओढले जातात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला फटींतून पाण्याचा फवारा मारा. उन्हाळ्यात वाळका पाला, गवत, उंदरांनी आणलेल्या चिंध्या काढा. गरम पाइपाजवळ वाळलेला कचरा हा आगीचा खरा धोका आहे. इंजिनातून तेल झिरपत असेल तर आधी ती गळती बंद करा. तेल पॅनेलवर साठतं, जमिनीवर डाग पडत नाही, आणि गळती आहे हे कळतच नाही.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक. गॅसची नळी पोटाखालून जाते आणि सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळाला तर वर, पॅनेल आणि फरशीच्या मधल्या पोकळीत अडकतो. त्या नळीच्या वाटेवर पॅनेल नको. दर तपासणीत नळी डोळ्यांना दिसली पाहिजे.

बसवून झाल्यावर मोजल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. एक टाकी पेट्रोल भरून मायलेज काढलं तर वारा, ट्रॅफिक आणि पंपावरच्या कटऑफमुळेच पाच टक्के इकडे-तिकडे होतात. तुमचा तीन टक्के फायदा त्यात दिसणार नाही. दिसला तरी तो पॅनेलचाच आहे असं म्हणता येणार नाही. त्यापेक्षा गाडी न्यूट्रलला टाकून वेग किती वेळात उतरतो ते मोजा. सपाट, सरळ, रिकामा रस्ता, वारा नसलेली पहाट, टायर अर्धा तास चालून गरम झालेले, टायरमधली हवा आणि टाकीतलं पेट्रोल प्रत्येक वेळी सारखंच. इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतात. १०० पासून ८० पर्यंत उतरायला वर धरलेल्या हॅचबॅकला १७-१८ सेकंद लागतात, आणि गुणांक ०.०२ ने उतरला असेल तर त्यात ०.७ सेकंदाच्या आसपास वाढ होते. हा फरक इतका बारीक आहे की शंभर मीटरमध्ये अर्धा मीटर उतार असला तरी त्याचा परिणाम चौपट येतो, आणि ताशी ५ किमीचा समोरचा वारा सगळा फायदा झाकून टाकतो. म्हणून त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांना किमान पाच-पाच वेळा, आधी पॅनेलशिवाय, मग पॅनेलसह, मग पुन्हा काढून. घड्याळ हातात नको, मोबाइलच्या जीपीएसची किंवा ओबीडीची (गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटची) नोंद घ्या, आणि तेही शेजारी बसलेल्या माणसाने. रस्त्यावर मागे-पुढे गाड्या असतील तर हा प्रयोग त्या दिवशी सोडून द्या. समृद्धीवर तो करूच नका.

तापमानाचं मोजमाप याहून महत्त्वाचं. ओबीडीत लावायचा साधा ब्लूटूथ डोंगल पुरतो. पॅनेल लावण्याआधी एकदा भर दुपारी, एसी पूर्ण चालू, गाडी भरलेली, तुमच्या नेहमीच्या चढावर कूलंटचं कमाल तापमान टिपून ठेवा. लावल्यावर तोच चढ, तशीच दुपार. तीन-चार अंशांपर्यंत फरक चालतो. पाचच्या वर गेला किंवा १०५ अंश दिसू लागले तर मागची फट रुंद करा, पुढची नव्हे. घाट उतरून आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने आधी आणि नंतर असं बघा. पुढच्या डिस्क बऱ्याच जास्त तापत असतील तर टायरसमोरच्या पट्टीची आतली बाजू ३०-४० मिमी कापून हवेला वाट द्या.

हवा कुठे सुटते हे बघायचं असेल तर लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे पॅनेलवर ओळीने चिकटवा आणि पोटाखाली ॲक्शन कॅमेरा घट्ट बांधा. धागे मागे ताठ वाहत असतील तर काम जमलं. ज्या जागी ते गोल फिरतात किंवा पुढे वळतात तिथे कोन जास्त आहे किंवा जोड उघडा आहे. मागच्या चढत्या पॅनेलवर ही तपासणी जरूर करा. दोन अंश कमी केले की फिरणारे धागे शांत होताना त्यात स्पष्ट दिसतं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी रॅम्पवर घ्या आणि प्रत्येक बोल्ट तपासा. आवळतानाच बोल्टाच्या डोक्यावरून पॅनेलपर्यंत पेंट पेनने एक सरळ रेघ मारून ठेवली असेल तर कोणता सैल झाला हे नुसत्या नजरेने कळतं. रेघ तुटलेली दिसली तर तेवढा बोल्ट पुन्हा आवळून सोडू नका. त्या जागी पॅनेल फडफडतंय, म्हणून तो फिरला. शेजारच्या बोल्टापर्यंतचं अंतर मोजा. मागच्या आणि बाजूच्या काठांवर ते ३०० मिमीपेक्षा जास्त असेल तर मध्ये आणखी एक बोल्ट घाला. अंतर बरोबर असूनही रेघ तुटत असेल तर वरून एक आडवी ॲल्युमिनियमची कोनपट्टी रिव्हेट करा, म्हणजे पॅनेल ताठ होईल. मग पुन्हा शंभर किलोमीटर चालवून रेघा बघा.